इंद्रभानच्या नंबरावरून केसरबाई

आमच्या गावात नळ रोज येत नाही. आठवड्यातून एकदा आला तरी लोक खूश असतात, उन्हाळ्यात तर त्याहूनही उशिरा येतो. प्रत्येक आळीची पाळी ठरलेली, पण वेळ विजेच्या हातात. आपल्या आळीला पाणी सुटलं हे ज्याला वेळेवर कळलं नाही, तो पुढच्या पाळीपर्यंत हंडे घेऊन शेतातल्या विहिरी हिंडतो. म्हणून गावात सरपंचापेक्षा पाणी सोडणाऱ्याच्या शब्दाला वजन जास्त. सरपंचालाही हे माहीत आहे, फक्त तो बोलून दाखवत नाही.

हे काम कितीतरी वर्षं इंद्रभानने केलं. माझं शिलाईचं दुकान पाण्याच्या टाकीसमोरच, त्यामुळे दिवसातून दोनदा तरी तो माझ्या बाकड्यावर टेकायचा. इंद्रभान भीमनगरातला. गावाच्या पाण्याची चावी भीमनगरातल्या माणसाच्या हाती आली, तेव्हा काही म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. इंद्रभानने कोणाशी वाद घातला नाही. पाणी वेळेवर सोडत राहिला आणि आठ्या आपोआप गेल्या.

आधी तो सायकलवरून ओरडत फिरायचा. नंतर फोन आले. गावाचा एक ग्रुप काढून पाहिला, पण त्यात आपला नंबर साऱ्या गावाला दिसतो म्हणून बायका भराभर बाहेर पडल्या, आणि मागे राहिलेल्या पुरुषांनी सकाळच्या गुलाबांच्या चित्रांनी ग्रुप भरून टाकला. मग चिखलीच्या प्रेमानंदने त्याला एक सोय करून दिली. प्रेमानंदचं मोबाईलचं दुकान आहे. त्याने इंद्रभानच्या फोनमध्ये साऱ्या घरांचे नंबर घालून असं काही केलं, की एकदा बोललं की तो आवाज प्रत्येकाला वेगळा जायचा आणि कोणाचा नंबर कोणाला दिसायचा नाही. "मधल्या गल्लीचं पानी सुटलं. भरून घ्या, मोटारी लावू नका," एवढंच तो बोलायचा. मोटारी लोक लावायचेच.

गेल्या हिवाळ्यात इंद्रभान गेला. छातीत कळ आली, गाडी येईपर्यंतही थांबला नाही. पंचायतीने चावी त्याच्या बायकोकडे, केसरबाईकडे दिली, पण तात्पुरती. पुढचं ग्रामसभेत पाहू म्हणाले.

केसरवहिनी म्हणजे हट्टी बाई. एकदा ब्लाउजच्या बाहीवरून तिने मला तीनदा शिवण उसवायला लावली. तिसऱ्यांदा मी रागाने टेप आणून मोजायला बसलो, तर बाही खरंच आखूड होती. तेव्हापासून ती "काहीतरी चुकलंय" म्हणाली की मी आधी माझंच काम तपासतो.

चावी फिरवणं ती नवऱ्याबरोबर शिकलेलीच होती. अडलं ते फोनपाशी. फोन आणि नंबर दोन्ही इंद्रभानचेच ठेवले, कारण सगळी सोय त्यातच होती. पण तिचा आवाज काही जाईना. चावी फिरवायचा वॉल नाल्याजवळ, तिथे उभं राहून बोलायची, तर नुसतं घड्याळाचं चिन्ह फिरत राहायचं. तिथे खोलगट जागा, रेंजच नाही. मग ती टाकीच्या जिन्यावर अर्ध्यात चढून बोलू लागली. साठीला आलेली बाई, एका हाताने लोखंडी कठडा धरलेला, दुसऱ्या हातात फोन. मी खालून म्हणालो, "वहिनी, पडसान."

"पडली तर उचला," ती म्हणाली आणि पुढचा मेसेज बोलू लागली.

पंधरवडा बरा गेला, मग लाल चिन्ह यायला लागलं. फोन भरला होता. प्रेमानंद म्हणाला, सगळं पुसून नवा करून देतो. तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. त्यात इंद्रभानचे जुने आवाज होते. माझ्या दुकानात बसून तिने एकेक गुलाब, एकेक शुभ सकाळ आपल्या हाताने काढली, दोन दिवस लागले, पण आवाजाला धक्का लागू दिला नाही. त्यानंतर ॲप नवं झालं आणि इंग्रजीत काहीतरी विचारू लागलं. तिने 'नको' दाबलं, आणि गावाला मेसेज गेले ते निव्वळ मुके. माईकची परवानगी बंद झाली होती. तेही तिने चिखलीला जीपने जाऊन शोधून आणलं, आणि परत येऊन मला शिकवलं, माझी इच्छा नसताना.

आता सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं. माझ्या फोनवर प्रत्येक मेसेज येत होता, स्वच्छ ऐकू येत होता. म्हणून मागच्या आळीतून तक्रार आली तेव्हा मला संताप आला.

तक्रार केली उत्तमरावांनी. उत्तमराव पाणीपुरवठा समितीवर आहेत, घर मागच्या आळीत. म्हणणं असं, की इंद्रभान गेल्यापासून मागच्या आळीला पाणी सुटल्याचं कळतच नाही. बायका शेतात असतात आणि नळ वाहून जातो. ते चौकात सगळ्यांदेखत केसरवहिनीला म्हणाले, "तुमच्या भीमनगराले बराबर मेसेज भेटते. आमालेच काऊन नाई भेटत?"

यातलं 'तुमच्या' सगळ्यांना ऐकू गेलं. गावाला एरवी काही आठवत नाही, जात मात्र लगेच आठवते. मी काहीतरी बोलणार होतो, पण वहिनीने हात वर करून मला थांबवलं.

"मी पाठवून राह्यली, भाऊ," ती म्हणाली. "पोचून नाई राह्यलं, तर काऊन नाई पोचत ते मी पायतो."

"ग्रामसभा शुक्रवारी हाय," उत्तमराव म्हणाले. "आमची पाळी गुरुवारी. या पाळीले आळीले कळलं नाई, तर चावी दुसऱ्याले द्या म्हनतो मी."

मला वाटलं, खोटं बोलतायत. चावी आपल्या माणसाला द्यायची असेल. दुकानात आल्यावर मी तसं म्हटलंही. वहिनी बाकड्यावर बसली होती. ती म्हणाली, "खोटं असन तर खोटं. पन आधी मले माह्या फोनची खात्री पायजे. ही चावी त्यायनं मिळवली होती, शेखरभाऊ. पैशाचं काय, मी निंदनं-खुरपनंही करून घेईन. पन भीमनगराच्या बाईनं गावाले पानी मोजून नाई देल्लं, असं ऐकून मी ही चावी खाली ठेवनार नाई."

बुधवारी सकाळी ती मागच्या आळीत निघाली. साक्षीला मला घेतलं. खरं तर माझ्या फोनवर मेसेज येतो आणि त्यांच्या येत नाही, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे होते. मी गिऱ्हाइकाचा परकर मशीनवर तसाच टाकून गेलो.

पहिलंच घर उत्तमरावांचं. ते शेतात गेलेले. त्यांच्या बायकोने, आशाबाईने, दार उघडलं. आत बाजेवर सासू जनकाबाई बसल्या होत्या. वहिनीने सरळ सांगितलं, "भांडाले नाई आली. फोन दाखव."

ओसरीवर दोन्ही फोन ठेवले. वहिनीने सगळ्यांना जाणारा मेसेज बोलून पाठवला. माझा वाजला, आशाबाईचा गप्प. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा तसंच. आता उत्तमराव खोटे नाहीत हे मला कळलं, आणि ते मला फारसं आवडलं नाही.

मग वहिनीने फक्त आशाबाईच्या नंबरावर वेगळा मेसेज पाठवला. तो चटकन आला.

"म्हंजे रस्ता बंद नाई," वहिनी पुटपुटली. तिने दोन्ही फोन उचलून डोळ्यांजवळ धरले. माझ्या फोनवर मेसेजच्या वर लिहिलं होतं 'इंद्रभान पाणी'. आशाबाईच्या फोनवर नुसता आकडा होता. बाजूला छोटा फोटो मात्र दोन्हीकडे तोच, डोक्याला रुमाल बांधलेला, हसणारा इंद्रभान.

"यावर नाव होतं न?" वहिनीने विचारलं.

आशाबाईने सासूकडे पाहिलं. जनकाबाईंनी फोटो बघितला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काढून टाकलं," आशाबाई हळूच म्हणाली.

वहिनीने तिथूनच प्रेमानंदला फोन लावला. ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर नाव घालून ठेवलेला नसेल, त्याला हा सगळ्यांचा मेसेज जातच नाही, तो म्हणाला. एकट्याला वेगळं पाठवलं तरच जातं. वहिनीने फोन ठेवला आणि ती आशाबाईकडे वळली.

"आळीत कोनाकोनं काढलं?"

"सगळ्यायनं," आशाबाई म्हणाली.

"काऊन? त्यायनं तुमचं काय घोडं मारलं होतं?" आता वहिनीचा आवाज चढला.

तेव्हा जनकाबाई बोलल्या, भिंतीकडे पाहतच. "तुमच्या घरी त्याचा जलदानविधी झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ह्या फोनवर इंद्रभानचं नाव आलं. फोटो आला. माह्या हातातली भाकर खाली पडली, माय. गेलेल्या मानसाचं नाव असं चमकत राह्यलं, हाका मारत राह्यलं, तर त्याचा जीव इथंच घुटमळते. मीच सगळ्या सुनायले सांगतलं, त्याचं नाव काढा. सुटू द्या त्याले."

"आमच्यात तसं नाई मानत, मावशी."

"मी मानतो न. माह्या पायाचं हाड मोडलं, तवापासून दर पाळीले त्यानं माहे हंडे सैपाकघरात नेऊन ठेवले. पोटच्या पोरानं नाई ठेवले."

वहिनी ओसरीवर खाली बसली. भांडायला येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे तिला माहीत होतं, याचं काय करावं ते तिला सुचेना.

शेवटी आशाबाई म्हणाली, "मंग पुन्हा घालतो नाव. इंद्रभानच घालू का?"

"नोको व माय," जनकाबाई म्हणाल्या.

"तर इंद्रभानची बायको?"

"केसर घाल," वहिनी म्हणाली. "केसर पानी. मी सोडतो पानी."

आशाबाईने नाव घातलं. पण फोटो इंद्रभानचाच होता. नाव केसर आणि हसतोय तो. जनकाबाईंनी पुन्हा मान फिरवली.

त्या दिवशी वहिनी आळीत दारोदार गेली. कोणाच्या सुनेने, कोणाच्या नातवाने नाव घातलं. प्रत्येक दारात फोटोपाशी माणसं क्षणभर थांबायची. दुकानात येऊन तिने फोन माझ्या मशीनवर ठेवला.

"माहा एक फोटो काढा."

"आत्ता?"

"आत्ता. उद्या हिंमत नाई राह्यची."

तिने पदर नीट केला, लांब चावी हातात धरली आणि टाकीसमोर उभी राहिली. फोटोत ती हसली नाही. मी तो इंद्रभानच्या फोटोच्या जागी लावून द्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "मीच करतो. फक्त कुठं दाबायचं ते सांगा." मी सांगितलं. बोट बराच वेळ वरच्या वर राहिलं. मग तिने दाबलं आणि इंद्रभान गेला. मी उगाच दोरा ओवत बसलो, पण सुईचं नाक काही दिसत नव्हतं.

गुरुवारी वीज दुपारी आली. वहिनी टाकीच्या जिन्यावर चढली आणि बोलली, "मागच्या आळीचं पानी सुटलं. मी केसरबाई बोलतो. भरून घ्या." खाली उतरून तिने चावी फिरवली, आणि आम्ही दोघं मागच्या आळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. आधी एका घरात फोन वाजला, मग दुसऱ्यात, मग सगळीकडेच. शेताच्या वाटेने बायका पदर खोचून झपाझप येत होत्या. उत्तमराव दारात आशाबाईचा फोन कानाला लावून उभे होते. मेसेज पुरता ऐकून त्यांनी फोन खाली घेतला.

"आला," ते म्हणाले. "उद्याच्या सभेत मी सांगतो."

"सांगा," वहिनी म्हणाली. ती त्यांच्या ओसरीवरून आत गेली, आणि भरलेले दोन हंडे उचलून जनकाबाईंच्या सैपाकघरात ठेवून आली.

ती बाहेर येते तोच तिचा फोन वाजला. नाशिकला नर्स असलेली तिची लेक, मंजुश्री. आवाज इतका चढलेला होता की शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू येत होता.

"आई, बाबांचा फोटो कुठं गेला? मी रोज उघडून पाहते. कोणी काढला?"

"मी काढला."

"का काढलास?"

वहिनीने पदराने डोळे पुसले. आवाज मात्र हलू दिला नाही.

"त्या फोटोकडं पाहून लोकायले रडू येत होतं, बेटा. रडाच्या नादात पानी वाहून जात होतं. तुह्या बापाले ते खपलं असतं का?"

मग मंजुश्री म्हणाली, "नसतं खपलं."

"तुले त्याचा फोटो पाठवतो. आवाजही पाठवतो, सगळे ठेवले हायेत म्या," वहिनी म्हणाली. "आता ठेव. वॉल बंद कराची वेळ झाली."