घड्याळजींचा कोंडा

बेकरीवाल्या बाईंच्या नजरेत घड्याळजी पहिल्यांदा भरले ते पाव न घेतल्यामुळे. सकाळच्या गर्दीत ते निमूट उभे राहिले, नंबर आल्यावर पुढे सरकले आणि म्हणाले, "पीठ चाळून उरलेला कोंडा मिळेल का थोडा?" बाईंनी पुडा बांधून दिला. त्यांनी तो तिथंच उघडला, चिमूटभर कोंडा तळहातावर घेऊन नाकाशी नेला आणि हळूच विचारलं, "औषध नाही ना मारलेलं?"

"पिठाला कोणी औषध मारतं का?" बाई म्हणाल्या. आपल्या मालाचा असा वास घेतलेला त्यांना मुळीच आवडला नाही.

पुढे तोच माणूस वरची खोली भाड्यानं मागायला आला. कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान, बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, बोलणं मऊ. नाही म्हणायला कारण नव्हतं. खोली पिठाच्या कोठाराच्या बरोबर वर होती, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एकेक गोष्ट बाईंच्या डोळ्यांत खुपू लागली. घड्याळजी दार उघडत ते चेहरा मावेल इतकंच. औषधाच्या दुकानातून पांढऱ्या पुडीची बाटली आणत आणि ती सदऱ्याआड धरून जिना चढत. स्वयंपाकाचा वास कधी येत नसे, पण पिशवीत गाजरं असायची.

"एकट्या माणसाला एवढी गाजरं?" बाईंचे दीर म्हणाले. "वहिनी, वर ससा पाळलाय की घोडा?"

"तुम्हाला काय करायचंय, भावजी?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांनाही वाटतच होतं.

एके दुपारी वरून पाणी ठिबकायला लागलं. घड्याळजी दुकानात होते. बाईंनी आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडून नळ बंद केला आणि मागे वळल्या. भिंतीशी पसरट डबे रचलेले होते. वरच्या डब्यात त्यांचाच कोंडा, त्यावर गाजराच्या चकत्या आणि त्या चकत्यांखाली वळवळणाऱ्या पिवळसर अळ्या. शेजारी पांढरी पूड आणि चिमटा. टेबलावर फडक्यानं झाकलेलं आणखी काहीतरी होतं. ते उचलून बघायचा धीर त्यांना झाला नाही. खाली येऊन त्यांनी साबणानं खसाखसा हात धुतले, जरी डब्यांना हात लावला नव्हता.

आणि थोड्याच दिवसांनी चाळणीत किडे निघाले. बारीक, तांबूस, भराभर पळणारे.

बाईंनी चाळणी घाईघाईनं झाकली. नवऱ्यामागे सगळं घर त्या भट्टीवर चाललं होतं, आणि बेकरीत किडे निघाल्याची बातमी पावापेक्षा लवकर फुगते.

"मी म्हणत नव्हतो?" दीर म्हणाले. "द्या हाकलून."

"खात्री कुठे आहे?"

"आता किडे स्वतःचं नाव-गाव सांगणार आहेत का? त्याला द्यायच्या कोंड्यात औषध कालवतो. वास येत नाही असलं मिळतं. काट्यानं काटा काढायचा. अळ्या मेल्या, की बसेल कशाला इथे?"

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. दिरांनी त्याचा अर्थ होकार असा धरला आणि पुडा वेगळा काढून ठेवला.

घड्याळजी आले. दिरांनी पुडा पुढे सरकवला. घड्याळजींनी नेहमीसारखा वास घेतला, नेहमीचा प्रश्न विचारला. "छे, छे," दीर म्हणाले.

बाईंना राहवलं नाही. "घड्याळजी, एवढ्या अळ्या लागतात कशाला हो तुम्हाला?"

त्यांचा चेहरा उतरला. "पाहिल्यात?"

"नळ वाहत होता, म्हणून गेले होते."

"पाल आहे वर, टेबलावरच्या पेटीत. मुलीची. ठिपक्यांची, पाळायची असते तसली. भिंतीवर चढत नाही. आधी सांगितलं असतं तर खोली दिली असतीत?"

"नसती," बाई म्हणाल्या.

"तेच तर. मुलीचा फोन आला की आधी पालीची चौकशी, मग बापाची." ते जरा हसले. "अळी जे खाते तेच शेवटी पालीच्या पोटात जातं. म्हणून कोंडा चांगला लागतो, गाजर लागतं. देताना वरून कॅल्शियमची पूड लावायची, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. आता म्हातारी झालीय. चिमट्यानं भरवावं लागतं."

अळ्या मरतील एवढंच बाईंनी धरलं होतं. त्या अळ्या कोणाच्या तोंडी जात असतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पुड्यावर हात ठेवला.

"हा नेऊ नका. औषध आहे यात."

"चुकून पडलं?"

"चुकूनच म्हणजे..." दिरांनी सुरुवात केली.

"चुकून नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या पिठात किडे निघालेत. तुमच्याकडचेच वाटले."

घड्याळजींनी पुडा मागे सरकवला. मग म्हणाले, "बारीक, तांबूस? माझ्या डब्यांतही निघालेत. मला वाटलं तुमच्या कोंड्यातून आले. बोललो नाही. भाडेकरूनं मालकिणीच्या मालाला नावं ठेवायची म्हणजे पायावर धोंडा मारून घ्यायचा."

बाई तडक कोठारात गेल्या. नव्या पोत्यांपैकी एकाची शिवण अजून उसवलीही नव्हती. त्यांनी ती उसवली. आत तांबूस किडे बुजबुजले होते. ती पोती दिरांनी नव्या गिरणीतून आणली होती. दीर आढ्याकडे बघू लागले.

पोती परत गेली, पण बाईंचं मन काही पूर्ण निवळलं नाही. "पाल राहू दे," त्या घड्याळजींना म्हणाल्या. "अळ्या मात्र नकोत. उद्या एखादी खाली पडली तर मी कोणाकोणाची समजूत घालू?"

"बरं, ताई," ते म्हणाले. "पण कोंडा मी आता दुसरीकडून घेईन."



घड्याळजी अजून वरच्याच खोलीत राहतात. अळ्यांचे डबे त्यांच्या दुकानात, दुरुस्तीच्या टेबलाखाली असतात. संध्याकाळी दुकान बंद करून ते घरी येतात, तेव्हा त्यांच्या खिशात त्या दिवसापुरत्या अळ्यांची एक झाकणाची डबी असते.