काशीची धार आणि लेकीचं बेट

बारा महिन्यांतला एकही महिना रत्नव्वाला सोयीचा निघत नव्हता. लेक पवित्रा लक्षद्वीपातल्या एका चिमुकल्या बेटावर सरकारी दवाखान्यात नर्स, जावई रुद्रेश तिथंच लॅबमध्ये. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी आईनं लेकीचं घर पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात फोन केला की पवित्रा म्हणायची, "नको अव्वा, समुद्र खवळलाय, बोटीतनं धक्क्यावर उतरता येत न्हाय." दिवाळीच्या सुमाराला वादळांची धास्ती. पुढं जानेवारी ते एप्रिल तिकडचं पाणी तळ्यासारखं निवांत, तर नेमकी तेव्हाच इकडं काशी भर दुधावर.

काशी म्हणजे म्हैस. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ रत्नव्वाचा नवरा मल्लाप्पा तिला घेऊन यायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत रत्नव्वा धार काढायची आणि फेसाळता पेला मल्लाप्पा गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. दुसऱ्या कुणाच्या हाताला काशी पान्हा सोडत नसे. एकदा रत्नव्वा तापानं पडली, तर शेजारचा सयाजी मोठ्या हौसेनं धारेला बसला. लाथ अशी बसली की बादली एकीकडं आणि सयाजी दुसरीकडं. दोन दिवसांत काशीची कास दगडासारखी घट्ट झाली, डॉक्टर आणावा लागला. मल्लाप्पानं मात्र सयाजीचं नाव 'फुटबॉल' ठेवून दिलं, आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला तीच हाक मारते. लोकांची टोपी उडवण्यात मल्लाप्पाचा हात धरणारा कट्ट्यावर कुणी नव्हता.

सप्टेंबरात फोन आला. पवित्राला दिवस गेले होते, मार्चची तारीख होती. आणि रक्तदाब चढत असल्यामुळं डॉक्टरांनी तिचा जहाजाचा प्रवास बंद केला होता.

"पयलं बाळंतपण म्हायेरचं," रत्नव्वा म्हणाली. "लेकीला येता येत न्हाय, तर म्हायेरानं उठून जायला पायजे."

"आन् म्हस?" मल्लाप्पानं विचारलं.

"पाच म्हैनं हाईत. शिका की."

शेजारच्या स्वप्नालीनं बेटावर जायला लागणाऱ्या सरकारी परवान्याचे कागद भरले, कोचीहून फेब्रुवारीतल्या जहाजाचं तिकीट काढलं. इकडं मल्लाप्पाची शाळा सुरू झाली. रत्नव्वा पुढ्यात पेंड ठेवी, त्याला शेजारी बसवी, त्याच्या हातावर हात ठेवून सड धरायला लावी. ती जवळ असेपर्यंत काशी गरीब गाय. ती दोन पावलं मागं सरली की काशीचा पाय उचललाच.

जानेवारीत एकदा धुवायला टाकलेलं इरकली लुगडं गोठ्यात खुंटीवर राहिलं. काशी मान लांबवून ते हुंगत उभी राहिली, मग चाटायला लागली. रत्नव्वाला जे समजायचं ते समजलं. तिनं ते न धुता घडी घालून नवऱ्यापुढं ठेवलं.

"ह्ये नेसून बसा. काशी सोडंल पान्हा."

मल्लाप्पानं मिशीवर हात ठेवला. "कट्ट्यावर? चार मान्सांत? ही मिशी बघ जरा."

"मिशीला पान्हा फुटत न्हाय."

त्यानं लुगडं नुसतं खांद्यावर टाकून पाहिलं. काशीनं बादली लवंडली. त्यापुढं मात्र गडी हलेना. आयुष्यभर ज्यांची ज्यांची नावं ठेवली ती सगळी तोंडं त्याला रात्रंदिवस दिसत असणार. रत्नव्वानं एकदाही विनवणी केली नाही. लेकीसाठी डिंकाचे लाडू वळले, बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली आणि इरकली लुगडं तेवढं घडी करून खुंटीवर ठेवलं. आतून ती भ्यायली होती. आपण तिकडं बसायचं आणि इकडं मुकं जनावर तटतटलेल्या कासेनं हंबरायचं, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता. पण जायचं म्हणजे जायचं.

निघायच्या दिवशी सकाळी ती पिशव्या घेऊन कट्ट्याच्या कोपऱ्यावर रिक्षात बसली. स्वप्नाली तिला मिरजेला रेल्वेत बसवून देणार होती. काशीच्या नजरेस पडायचं नाही आणि तोंडातून ब्रही काढायचा नाही, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. तिचा आवाज आला असता तर काशीनं दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू दिला नसता.

मल्लाप्पा पत्र्याच्या शेडमागं गेला. बाहेर आला तो पँटवरच लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन आणि पदराखाली ती मिशी.

कट्ट्यावर जो हशा उसळला, तो पार चौकापर्यंत गेला असेल. सगळ्यांत मोठ्यानं हसला सयाजी. "या वहिनी, बसा!"

"हसा," मल्लाप्पा काशीच्या पोटाशी बसत म्हणाला. "पोटभर हसून घ्या. माझी लेक बाळंत व्हायची हाय. तिची आई काय इथं शेण काढत बसंल व्हय?"

काशीनं पदर हुंगला. मागचा पाय उचलला, तसाच अधांतरी धरला आणि हळूच खाली टेकवला. बादलीत पहिली चिळकांडी वाजली, मागोमाग दुसरी.

रत्नव्वाला ओरडून सांगावंसं वाटलं, जेवण वेळेवर करा, गोळी चुकवू नका. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि स्वप्नालीला चल म्हणून खूण केली. नवऱ्याला साधं 'येते' म्हणणंही जमलं नाही.

चौथ्या दिवशी जहाज बेटापासून लांब थांबलं आणि छोट्या बोटीतून दोघा खलाशांनी तिला धरून धक्क्यावर उतरवलं. तिनं पाहिलं तर सगळं बेट आपल्या नदीकाठच्या बांधाएवढंसुद्धा उंच नाही. नुसते माड, पांढरी वाळू आणि चहूकडं निळं पाणी. पुढं पवित्रा उभी होती, एक हात कमरेवर, दुसरा पोटावर. दोघी किती वेळ नुसत्या रडल्या.

मग पवित्रानं डोळे पुसत विचारलं, "अव्वा, अप्पांनी येऊ दिलं तुला?"

"येऊ दिलं न्हवं," रत्नव्वा म्हणाली. "त्येंनी धाडलं मला."