डॉक्टरकाकांचा अंगठा

तेरमधल्या आमच्या शेजारच्या डॉक्टरकाकांइतका रोग्यांना घाबरणारा डॉक्टर अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. ग्राहकांसाठी नवा कायदा आला, आता चुकीच्या उपचाराबद्दल डॉक्टरलाही कोर्टात खेचता येणार, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि दवाखान्यात येणारा प्रत्येक जण त्यांना फिर्यादी दिसू लागला. नाडी नंतर, आधी अंगठा. संमतीचे कागद इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आणि नाही म्हणायला लाजणारी. 'जे काही होईल त्याला मी स्वतः जबाबदार आहे,' हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा लिहिलं असेल! लोकांना इंग्रजी कळत नाही, असं मी एकदाच चाचरत म्हटलं. "कोर्टाला कळलं म्हंजे झालं," काका म्हणाले.

नुसत्या अंगठ्यावर त्यांचं समाधान होईना. खोकल्याला सोलापूरहून एक्स-रे, पायात काटा मोडला तरी एक्स-रे, गावाच्या भाषेत 'फोटो'. दूध सोसायटीनं सभासदांच्या आजारपणासाठी फंड काढला होता. महिन्याची वर्गणी दुधाच्या पैशातून कापली जायची. काकांच्या सावधगिरीची बिलं भरून फंड आटला, तशी चेअरमननी वर्गणी दुप्पट केली. दुष्काळात म्हशीही आटलेल्या. त्यामुळे ज्यांना फंडाची खरी गरज होती, तेच आधी बाहेर पडले. आमच्याकडे दूध घालणारी सरूबाई त्यांतलीच. काका मात्र पेपर वाचून सांगत, की आता कुठं गरिबाला न्याय मिळू लागलाय.

त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं सरूबाईला जुलाब-उलट्या लागल्या. तिसऱ्या दिवशी जावेनं तिला बैलगाडीत घालून आणलं. डोळे खोल गेलेले, नाडी लागत नव्हती. मी सवयीनं कागद पुढं केला. काकांनी तो बाजूला सारला आणि सलाईनसाठी शीर शोधू लागले. दोन दिवस काय झोपला होता का, म्हणून जावेवर डाफरले.

"फंडात नाव न्हाय तिचं," जाऊ म्हणाली. "तुमचे फोटो परवडंनात, डॉक्टर."

संध्याकाळी सरूबाईनं स्वतःहून पाणी मागितलं, तोवर काका तिच्या उशाशीच होते. मग अंगठ्याविना राहिलेला तो कागद त्यांनी ओढला, शाईच्या पॅडवर स्वतःचा अंगठा दाबला आणि तिच्या अंगठ्याच्या जागी उठवला.

काका वारल्यावर बाकीचे कागद रद्दीत गेले. हा एवढा मी ठेवलाय. माझ्या वळणदार इंग्रजीत लिहिलंय, जे काही होईल त्याला मी स्वतः जबाबदार. आणि खाली काकांचा निळा अंगठा, जरासा हललेला.