सून बाहेर चहा करतीय

नारायणगावच्या एका हॉस्पिटलात मी नर्स आहे. लोकांची अंगं पुसण्यात, कुशी बदलण्यात, चादरी ताणण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. जीभ माझी तिखट, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. पण घरी, महाळुंगे पडवळला, डोक्यावर पदर घेतला की मी गप्प. कारण घरात मामंजी. माझे सासरे.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याशी सरळ एक वाक्य बोललेला मला आठवत नाही. रागानं नव्हे, हं. मर्यादेनं. स्वतःच्याच घरात शिरताना उंबऱ्याशी खाकरायचे, म्हणजे मी पदर सावरावा. चहा हवा असला की पोरांना म्हणायचे, "चहा झाला का म्हणावं." सासूबाई गेल्या, पोरं शिकायला पुण्याला गेली, तरी "चहा झाला का म्हणावं" सुरूच. कुणाला म्हणावं? भिंतीला! आणि मी भिंतीआडून कप पुढं सरकवायचे. पण मला दुसरी पाळी असली की जीप थांबते तिथं बॅटरी घेऊन हेच उभे. मी उतरले की दहा पावलं पुढं चालायला लागायचे, मागं न बघता, आणि उजेड मात्र मागं, माझ्या पायाशी. अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय होणार?

गेल्या वर्षी गोठ्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, हाड ठिसूळ आहे, महिनाभर पायावर भार नको, मग वॉकर. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हाला काय सांगायचं, सिस्टर. या वयात पाठीला जखम झाली, तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही."

खरंच मला काय सांगायचं होतं? दर दोन तासांनी कूस बदलायची. अंग कोमट पाण्यानं पुसून कोरडं करायचं. चादरीला चुणी नको. दुखणं वाढायच्या आधी गोळी, आणि गोळीनंतर अर्ध्या तासानं हलवायचं. मी पलंगाला कठडा बसवून घेतला. काही लागलं तर वाजवायला बैलाच्या गळ्यातली घंटी हाताशी बांधली. अडचण एकच. मामंजी मला हात लावू देईनात.

मी पांघरूण उचलायला गेले की दोन्ही मुठींनी गच्च धरायचे. "पोरगा आल्यावर बघू म्हणावं." पोरगा, म्हणजे आमचे हे, चाकणला कंपनीत. आठवड्यातून दोनदा यायचे आणि बापाचं अंग पिकअप धुतल्यासारखं पुसायचे! बाकीचे दिवस मी दारातून विचारायचे, "दुखतंय का?" कपाळावर घाम, ओठ आवळलेले, आणि उत्तर काय, तर "काय नाय म्हणावं." घंटी एकदाही वाजली नाही.

त्यात भेटायला येणारे. पार आळेफाट्याचे पावणे जीप भरून आले, बिस्किटांचे पुडे घेऊन. मामंजींचा जरा डोळा लागला की कुणीतरी हलवून विचारणार, "वळखलं का?" दिवसभर हीच गत, मग रात्री झोप कुठली? एका शहाण्यानं सल्ला दिला, "गोळ्या लई खाऊ नका, किडनी जाती." झालं! दोन दिवसांनी मामंजींच्या पानाच्या चंचीत, चुन्याच्या डबीशेजारी, दुखण्याच्या सात गोळ्या निघाल्या. मी अशी तापले! पावण्यांना दुपारी एक ते चार सरळ बंदीच घातली. "आपल्याकडं असं कुणी करत न्हाई," एक जण बोललाच. म्हटलं, "मग आता बघून घ्या." पण मामंजींवर कशी ओरडणार? डोक्यावर पदर घेऊन ओरडता येत नाही.

मग एक दिवस ड्युटीवरून आले, आकाशी युनिफॉर्म अंगावर तसाच. दारातूनच चादरीवर ओला डाग दिसला, बरोबर माकडहाडापाशी. पदरबिदर काही आठवलं नाही. "हात काढा," म्हणाले. "कुशीवर व्हा." हॉस्पिटलात बोलते तशी. आणि काय सांगू, मुठी सुटल्या! पाहते तर सुपारीएवढी लाल जागा, मधलं साल निघालेलं. मी खांद्याला धरून वळवत होते, तेवढ्यात भिंतीकडं तोंड करून मामंजी म्हणाले, "जरा हळू, शिस्टर. लई दुखतंय ओ."

शिस्टर? मला वाटलं, म्हातारं भ्रमलं. वार विचारला, बरोबर. गाव विचारलं, बरोबर.

"आणि सून कुठंय तुमची?"

"आसंल की बाहेर. चहा करत."

मिशी जराशी हलली. अस्सा बेरकी म्हातारा! हसावं की रडावं ते कळेना. त्यांच्या पाठीमागं उभी राहून मी दोन्ही केलं.

तेव्हापासून आमच्या घरात दोघी राहायला लागल्या. पदरवाली सून भाकरी आणायची, तिला "बरं हाय म्हणावं." युनिफॉर्मवाली शिस्टर आली की मुकाट अंग पुसून घ्यायचे, कूस बदलायचे, गोळी गिळून जीभ उचलून दाखवायचे. नजर तेवढी भिंतीवरच. वर सुनेच्या तक्रारी! "आमची सून लई कडक हाय ओ. पावण्यांना हाकलती."

"मग बरं नाही का वाटत?"

"वाटतं की. झोप लागती. पर तिला सांगू नका."

सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी युनिफॉर्म चढवायला लागले.

एकदा मी त्यांची पाठ पुसत असताना त्यांच्या चुलतभावाची बायको न सांगता आत आली. "अगं बया! सून सासऱ्याला आंघूळ घालती? लाज कुठं ठेवली गं?" मी तोंड उघडणार, तोच पलंगावरून आवाज आला, "वैनी, ही शिस्टर हाय. सून बाहेर चहा करतीय. जावा, घ्या तिच्याकडनं." बाई खरंच स्वयंपाकघरात जाऊन बघून आली! परत येऊन तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि चपला घालून निघाली. म्हातारा खुळा झाला, असं तिनं गावभर केलं. करू दे. जखम सुकत होती, मला तेवढं पुरे होतं.

वॉकर आला तो रविवार होता. सकाळी पाहते तर दोन्ही युनिफॉर्म तारेवर, ओलेच. साडी नेसून, पदर घेऊन दाराशी उभी राहिले. मामंजी पलंगावर पाय खाली सोडून बसलेले, कठडा आवळून. वॉकरकडं बघत होते आणि घामानं निथळत होते.

"दुखतंय का, मामंजी?" विचारलं. उत्तर मला पाठ होतं.

"शिस्टर नाय आली?"

"तिला आज सुट्टी आहे."

त्यांनी नजर भिंतीकडं वळवली. मग भिंतीवरची नजर काढून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सरळ. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे घारे आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

"मग तूच धर, पोरी," म्हणाले. "लई दुखतंय. आन् पडायचं भ्या वाटतंय."

मी गोळी दिली, अर्धा तास त्यांच्याजवळ बसले आणि मग त्यांच्या काखेत हात घालून उठवलं. पदर खांद्यावर घसरला, तो राहू दिला. पलंगापासून उंबऱ्यापर्यंत दहा पावलं आहेत. ती आम्ही बरोबरीनं चाललो. उंबऱ्याशी पोचल्यावर मामंजी सवयीनं खाकरले, मग माझ्याकडं बघून हसायलाच लागले, आणि मी त्यांना आणखी घट्ट धरलं.