घरमालकांचं यूएमएल

यूएमएल हा विषय मनापासून आवडलेला माणूस सोलापुरात आजवर एकच झाला, आणि ते म्हणजे आमचे घरमालक. बाकी आम्ही सगळे तो पास होण्यापुरता शिकलो. त्यात शिकवणारी मीसुद्धा आले. ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते: घर बांधायच्या आधी जसा नकाशा काढतात, तसाच सॉफ्टवेअर लिहायच्या आधी त्याचाही काढायचा असतो. त्यात चौकोन कुठे, लंबगोल कुठे, कुठला बाण सरळ आणि कुठला तुटक, हे साऱ्या जगानं मिळून ठरवून टाकलंय. त्या ठरलेल्या चिन्हांना यूएमएल म्हणायचं. डिप्लोमाची पोरं ही चिन्हं परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करतात आणि पेपर देऊन चहाच्या टपरीपर्यंत जाईतो विसरतात. आमचे घरमालक मात्र पहिल्याच दिवशी फळ्याकडे बघून मोठ्यांदा म्हणाले, "अगं, हे तर आमचंच हाय की!"

त्यांचं म्हणजे चादरवाल्यांचं. माझा क्लास त्यांच्या घरात खालच्या दोन खोल्यांत, आणि वरच्या मजल्यावर काका-काकू. काकांनी चाळीस वर्षं एका कारखान्यात चादरीच्या नक्ष्या काढल्या. आलेखाच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर उभा करायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या भोकांबरहुकूम माग चादर विणणार. पुढे कारखान्यात कंप्युटर आला, काका घरी आले. "ज्यानं माझी पेन्सिल काढून घेतली त्याचं तोंड तरी बघतो एकदा," असं म्हणून जे खाली उतरले ते पहिल्या बाकावर येऊन बसले. दोन्ही कानांवर दोन पेन्सिली, बगलेत आलेखाची वही. जिना चढून वर गेलं की मी त्यांची "पोरी", आणि वर्गात मात्र "मॅडम". मी आत आले की सत्तरीचा हा माणूस उठून उभा राहायचा, आणि ते उभे राहिले की झक मारत बाकीची पोरंही उभी राहायची. बाण मोजताना ते तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू. आयुष्यभर तेलुगू विणकरांत काढल्यावर मराठीत आकडा नीट जमत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता काकूंचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यांच्यापायीच. काकू कडक भाकरी करतात. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी, आणि जोडीला शेंगाचटणी. वीस-बावीस वर्षं नाव कमावलेला धंदा. पण अलीकडे त्यांचं मनगट दुखायला लागलं होतं आणि ऑर्डरींचाही पार विचका झाला होता. वैरागच्या एका लग्नाच्या दोनशे भाकरी काकांनी फोनवर घेतल्या आणि वहीतल्या मोराच्या पिसाऱ्यात कुठंतरी टिपून ठेवल्या. लग्नघरची माणसं गाडी घेऊन दारात आली तेव्हा काकू उडदाची डाळ निवडत बसल्या होत्या. त्या दिवशी काकूंनी पदर खोचून जाहीर केलं, "भोगीपातुर बघते. न्हाय जमलं तर चूल बंद. लई झालं." बोलल्या कडक, पण डोळे भरून आले होते ते मला दिसलं. त्या चुलीवर त्यांचा जीव होता.

काका तडक खाली आले. "मॅडम, तिची चूल बंद पडली तर ती आजारी पडेल. आपण ऑर्डरींचं सॉफ्टवेअर करायचं. डिझाईन माझं, बाकी तुमची पोरं करतील." मला काय, पोरांना प्रोजेक्ट हवाच होता. मी हो म्हटलं आणि पायावर धोंडा पाडून घेतला.

यूएमएलमध्ये काम करणाऱ्या माणसाला 'ॲक्टर' म्हणतात, आणि तो दाखवायचा तर एक गोल डोकं आणि चार काड्या, बस्स. लहान पोरं भिंतीवर काढतात तसा. काकांना हे अजिबात पटेना. त्यांनी काकू काढल्या त्या अंबाड्यासकट, नथीसकट, आणि हाताला पाच-पाच बोटं. मी एक मार्क कापला, तर म्हणतात, "मॅडम, बोटंच न्हाईत तर भाकरी थापणार कशानं?" मी कापलेला मार्क परत दिला. मग वस्तूच्या बदलत्या अवस्था कशा दाखवायच्या ते शिकवलं, तर काकांनी भाकरी सोडून आधी गल्लीतला नळ घेतला. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. त्यामुळे नळाच्या अवस्था चार: कोरडा, फुसफुस, गढूळ, पाणी. एका अवस्थेतून दुसरीत कशामुळे जातो ते बाणावर लिहायचं असतं. 'फुसफुस'पासून 'पाणी'कडे जाणाऱ्या बाणावर काकांनी लिहिलं होतं, 'नशीब'. त्या कागदाचे फोटो गल्लीतल्या प्रत्येक फोनमध्ये गेले, आणि भाकरीचं काम तिथंच राहिलं. वर काकू एका हातानं दुसरं मनगट दाबत विचारायच्या, "झालं का ओ तुमचं ते?" आणि हे खालून जिन्यातून ओरडायचे, "पाया भरतोय!"

भोगी तीन आठवड्यांवर आली तेव्हा मात्र मी काकांना दम भरला. म्हटलं, आता फक्त सिक्वेन्स डायग्राम काढा, तीवरून पोरं कामाला लागतील. ही डायग्राम सोपी असते. वर एका ओळीत माणसांची नावं, प्रत्येकाच्या नावाखाली एक लांब तुटक रेघ. कोण कोणाला काय सांगतो, ते वरून खाली, वेळेच्या क्रमानं, बाणांनी दाखवायचं. आणि जो जितका वेळ कामात असेल तितकी लांब उभी पट्टी त्याच्या रेघेवर काढायची. दुसऱ्या दिवशी काकांनी कागद आणला. डाव्या बाजूला काकू, पीठ, तवा, गिऱ्हाईक, सगळं नक्षीदार. उजवी बाजू कोरी. वर लिहिलेलं: 'सदर बाजू सेम, उलटी.'

मी कपाळाला हात लावला. काका शांतपणे समजावायला लागले, "मॅडम, नक्षी कधी पुरी काढत न्हाईत. डाव्या अंगाचा मोर काढला की उजव्या अंगाचा, माग आपोआप उलटा विणतो. चाळीस वर्षं आमी अर्धीच काढली. ही तिची बाजू झाली, माझी तशीच, उलट्या हातानं." पोरं खो-खो हसली. मी म्हटलं, "काका, यूएमएलमध्ये आपोआप काही येत नाही. जे घडतं तेवढंच काढायचं. उद्याचा दिवस घरात बसा, डोळ्यांनी बघा आणि तुमची बाजू काढून आणा."

हे गृहस्थ खरंच बसले. पहाटे पाचपासून स्वयंपाकघरात स्टूल टाकून, वही मांडीवर. काकू म्हणाल्या, "टकामका काय बघताय? कधी बाई बघितली न्हाय व्हय?" हे म्हणाले, "बोलू नको, तू ॲक्टर हायस."

तिसऱ्या दिवशी कागद माझ्या टेबलावर आला. काकूंच्या रेघेवरची पट्टी पहाटे पाचला सुरू झाली होती ती दुपारी तीनपर्यंत कुठंच तुटली नव्हती. चाळणं, मळणं, थापणं, वाळवणं, फोन, गिऱ्हाईक, पुन्हा मळणं. सगळे बाण तिथून निघत होते आणि तिथंच येऊन टेकत होते. शेजारी काकांची रेघ. तिच्याकडे काकूंकडून दोन बाण आले होते, दोन्हींवर 'चहा'. आणि काकांकडून काकूंकडे एकच बाण गेला होता, 'गार हाय'. पट्टी नव्हतीच.

मी मूर्खासारखी हसले. काका हसले नाहीत. "मॅडम, कायतरी चुकलंय बघा. माझी पट्टी कुटं हाय?" मी कागद पुन्हा नीट बघितला. चिन्हं तपासली, बाण तपासले. म्हटलं, "काका, नियमानं बरोबर आहे सगळं." दहापैकी दहा दिले. वर्षभरात त्यांना मिळालेले पहिले पुरे मार्क. एरवी अर्ध्या मार्कासाठी तासभर भांडणारा माणूस, त्यानं कागदाच्या चार घड्या करून तो खिशात घातला, आणि कोणालाही न दाखवता वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहिला बाक रिकामा. मला वाटलं रुसले. वर जाऊन बघते तर काका धोतर वर खोचून परातीसमोर, कोपरापर्यंत पीठ. पहिली भाकरी त्यांनी थापली ती एकीकडे जाड, एकीकडे फाटकी. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी म्हटलं, "काका, सॉफ्टवेअरचं काय?" ते मान वर न करता म्हणाले, "आधी माझी बाजू पुरी होऊ दे, पोरी. मग बघू." काकू म्हणाल्या, "आता कशाला ते? फोन हेच घेत्यात, फळीवर खडूनं लिवत्यात. मी नुसती वाचते." त्यांच्या मनगटाला पट्टा होता आणि हात मांडीवर नुसता ठेवलेला होता. मी त्या घरात क्लास सुरू केल्यापासून तो हात असा रिकामा कधी बघितला नव्हता.

भोगी आली आणि गेली. चूल पेटतीच राहिली.

पोरांनी प्रोजेक्टला शेवटी वाचनालयाचं सॉफ्टवेअर केलं, दरवर्षी करतात तेच. डायग्राम छान छापून आणल्या, मार्क पडले, विसरले. त्यांचं चुकलं असं नाही. मीही इतकी वर्षं तेच करत आले. काढलेलं खरं मानून जागेवरून उठलेला माणूस माझ्या वर्गात तेवढा एकच होऊन गेला. आता मी आत शिरते तेव्हा कोणी उभं राहत नाही. सिक्वेन्स डायग्राम शिकवताना छतातून भाकरी थापल्याचा आवाज येतो. मनगट बरं झालेल्या काकूंचा भराभर, आणि मध्येच एखादा जड, उशिराचा, काकांचा. मी खडू हातात धरून थांबते. पोरांना वाटतं मॅडम पुढचं विसरल्या. खरं सांगायचं तर मला काकांची फार आठवण येते. वरच्याच मजल्यावर असतात, तरी येते.