टेक्सासची तांबडी ज्वारी

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो शहरात नोकरी लागली आणि दोन वर्षांत माझं वजन अकरा किलोनं वाढलं. रक्तातली साखर वाढलेली दिसायला लागली. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक यादी हातात दिली: ब्राउन ब्रेड, ओट्स, सीरियल. मी विचारलं, यात ज्वारी कुठे आहे? त्यांनी पुस्तक चाळलं आणि सांगितलं, ते जनावरांचं खाद्य आहे.

मला राग आला. माझ्या बापानं लातूरच्या अडतीवर उभा जन्म पोती वाहिली, ती ज्वारीच्या भाकरीवर. आई त्याच भाकरीवर सत्तरीतही विहिरीचं पाणी शेंदायची. आमच्या वस्तीत गव्हाची पोळी फक्त सणाला व्हायची. आणि साखर झाली मला, पोळी-भात-ब्रेड खाऊन.

इंडियन स्टोअरमधलं ज्वारीचं पीठ जुनं असायचं. भाकरी थापतानाच फुटायची. मग एका शनिवारी हायवेनं उत्तरेला ड्राइव्ह करताना रस्त्याच्या कडेला ओळखीची कणसं दिसली. आमच्याकडे ज्वारी डोक्यावर जाते, ही जेमतेम कमरेएवढी आणि तांबडी, पण ज्वारीच. गाडी थांबवून मी त्या शेतकऱ्याकडे गेले आणि औषध न लावलेलं एक पोतं मागितलं.

"गाई किती आहेत तुझ्याकडे?" त्यानं विचारलं.

"एकही नाही. मीच खाणार आहे."

तो हसला नाही. कसं खाता, एवढंच विचारलं, आणि पोतं गाडीत ठेवून दिलं.

मिक्सरमध्ये दळून, दोनदा चाळून भाकऱ्या केल्या. तांबूस झाल्या, जरा तुरट, पण फुगल्या. रोज दोन वेळा तीच खाल्ली, संध्याकाळी चालले. चार महिन्यांत वजन सहा किलोनं उतरलं, साखरही उतरली. सगळं श्रेय भाकरीचं, असं मी म्हणणार नाही. पण भाकरीनं माझं वाईट केलं, असं मला कुणी सांगू नये.

दिवाळीला इथल्या मराठी लोकांचं पॉटलक होतं, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा; मी त्याच भाकऱ्या नेल्या. पुण्याच्या एक काकू जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, इतक्या लांब येऊनही गरिबाघरचंच खायचं?"

"हो काकू. ही हाडं त्याच घरची आहेत."

त्यांनी भाकरी घेतली नाही. नागपूरच्या दोन विद्यार्थ्यांनी मात्र ठेच्यासकट ताट रिकामं केलं, आणि पीठ कुठे मिळेल म्हणून विचारत बसले.