सुनेच्या गाडीचा इंडिकेटर

दोन महिने माझ्या सुनेच्या मोटारसायकलीचा इंडिकेटर मी हुते.

हसू नका. झालं असं, माझा ल्योक दत्तू उसाच्या पाचटावरनं गाडीसकट घसरला. पाय मोडला. डोकं वाचलं ते निव्वळ नशिबानं, कारन हेल्मेट घरी खुंटीला हुतं. अन त्यात मी लसून भरून ठिवला हुता! (लई हवेशीर ऱ्हातो त्यात.) पायाला प्लास्टर घालून दत्तू घरी आला, खाटंवर टेकला अन पयलं काय बोलावं?

"आये, लसून काढ त्यातला."

काढला. पर दूध कुनी न्यायचं? आमची वस्ती देवळाली प्रवरेच्या पल्याड, डेरी दीड कोस. मी किटली डोक्यावर घेतली अन निघाले. जल्मभर उसाच्या मोळ्या वाह्यल्या, किटलीचं काय कौतिक! पर आठ दिसांत मान अशी धरली, की कुनी हाक मारली तर बैलगाडीवानी सगळं अंगच वळवावं लागायचं.

सून मंगल म्हनली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. गाडी मी शिकते."

दत्तू खाटंवरनं वराडला, "शीक, पर लायसन काढून! लायसन न्हाई तर गाडीला हात न्हाई. माझं झालं तेवढं बास!"

मंगल बारावी शिकल्याली. रस्त्यावरच्या पाट्यांचे प्रश्न पटापटा सोडवून शिकाऊ लायसन घिऊन आली. खळ्यात गाडी शिकली. दत्तू खाटंवरनं "क्लच! क्लच!" वराडायचा अन कोंबड्या पळायच्या. पर रस्त्याला तिला एकटी सोडायची माझी छाती हुईना. मी मागं बसले, मांडीत किटली. दत्तू पडला तवाच गाडीचं इंडिकेटर फुटल्यालं. मंग वळन आलं की मंगल वराडायची, "आत्याबाई, उजवा!" की माझा उजवा हात बाहेर. "आत्याबाई, डावा!" की डावा. उसाचे ट्रॅक्टर थांबायचे हो मला बघून!

पक्क्या लायसनच्या परीक्षेचा दिवस आला. पास झाली तर दूध गाडीवर, नापास झाली तर किटली माझ्या डोक्यावर. दत्तूनं नवं इंडिकेटर बसवून घेतलं अन आमी दोघी गाडीवरनं श्रीरामपूरला. हेल्मेटाला लसनाचा वास येत हुता. पर हुतं डोक्यावर!

साहेब म्हनले, "ताई, जमिनीवर आठाचा आकडा आखलाय, त्यावरून गाडी फिरवा. पाय टेकायचा नाही. वळताना इंडिकेटर द्यायचा."

मंगल बसली. मागं मी बसले.

"आजी, तुम्ही कुठं?"

"मी मागं. रोज बसते."

"रोज? अहो, शिकाऊ लायसनवर मागं बसायचं तर तुमच्याकडं पक्कं लायसन पाहिजे. आहे का?"

"रेशनकार्ड हाय."

रांगेतली मानसं हसली. साहेबांनी पेन चावला. "उतरा, आजी."

उतरले. लिंबाखाली जाऊन हुबी ऱ्हायले. खळ्याबाहेर माझ्या वजनाशिवाय गाडी कधी चालवलीच न्हवती पोरीनं, ती वासरावानी उधळायला लागली. पयलं वळन आलं अन मंगल सवयीनं वराडली, "आत्याबाई, उजवा!"

अन लिंबाखाली माझा उजवा हात बाहेर!

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं.

"आत्याबाई, डावा!"

डावा बी काढला! तिसऱ्या वळनाला ती वराडली, पर तवर मी पदर सावरत हुते. हात दिसंना, म्हनून तिनं मान वळवून मागं बघितलं, गाडी डुलली अन पाय टेकला.

साहेब म्हनले, "ताई, आठ दिवसांनी या. आणि इंडिकेटर गाडीचा वापरा. लिंबाखालचा नको."

परतीला त्यांनी मला गाडीवर बसू दिलं न्हाई. मंगल एकटी गाडीवर, मी येष्टीत. सगळ्या वाटंनं जीव टांगनीला. पोरगी वळनार कशी? घरी पोचले, तर बाई भाकरी थापत बसल्याली!

"एकटी आलीस?"

"व्हय, आत्याबाई. बटन दाबलं अन वळले."

दत्तू गालात हसला. मला काय कळायचं ते कळलं. गाडीला भार माझाच हुता.

आठ दिसांनी पुन्हा गेलो. मी येष्टीनं. दोनी हात पदरात गुंडाळून लिंबाखाली हुबी ऱ्हायले, मंगलकडं बघितलं बी न्हाई. पोरगी पास झाली! आता दूध येळेवर जातं, माझी मान सरळ झाली. बाजाराला निघालो की मागं मी असते, पर माझं सवताचं हेल्मेट घालून. लसून टोपलीत गेला.

पर हाताची खोड काय जाईना. काल चुलीकडनं दाराकडं वळले अन उजवा हात आपसूक बाहेर! लंगडत येत असल्याल्या दत्तूचा चहा उडाला त्याच्याच अंगावर.

"आये, वळताना जरा मागंपुढं बघत जा की!"

आता मला सांगा, माझी काय चूक? मी तर हात दिला हुता!